गाठ, पेटी आणि वाकळ

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात पेडगाव लागते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि दिवाळीच्या सुमारास गेलात तर बोंडे फुटून पांढरी झालेली कापसाची शेते. या गावातल्या एका घरी आम्ही दोघे शिक्षक मागे गेलो होतो. त्या घरची मुलगी, आमची जुनी विद्यार्थिनी, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली होती. निरोपाला म्हणून गेलो आणि पेटी भरण्याच्या कामात अडकलो.

ओसरीवर पेटी उघडी पडली होती. कपडे, स्वेटर, छोटा कुकर, लोणच्याची बरणी, येसर, बूट असे सगळे भरून झाले होते. वरून आजींनी स्वतः शिवलेली वाकळ ठेवली आणि पेटीचे झाकण लागेना. मुलीच्या मामेभावाने शहरातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. तिच्यात वाकळ घालायची, तोंड बंद करायचे आणि पंपाने आतली हवा काढून घ्यायची. पाहता पाहता फुगीर वाकळीची पाटीसारखी चपटी वडी झाली. झाकण तर लागलेच, वर जागाही उरली.

"आता जागा हाय की, ठिवा अजून!" आजी म्हणाल्या. मग किलोभर तूरडाळ आली. मुलीने मागे ठेवलेली दोन जाडजूड पुस्तकेही आत गेली. सगळे खूश झाले.

आम्ही विचारले, "वजन केले का?" कोणी केले नव्हते. आढ्याला कापसाचा काटा टांगलेला होताच. वेचणीला येणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, म्हणून कापूसवाल्या घरांत असा काटा असतो. पेटी त्याला अडकवली. काटा म्हणाला, २७.४ किलो. विमानात परवानगी होती २३ किलोची.

आजींचा काट्यावर विश्वास बसेना. "आवं, हवा काढली की सगळी! मंग वजन कसं वाढलं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला पेटी बाजूला ठेवून जरा कापसाकडे जावे लागेल. लांबच्या प्रवासासाठी सामान बांधण्याची विद्या या भागाला विमानाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

कापसाचा परदेश प्रवास

कापूस वेचून जिनिंगमध्ये जातो. तेथे सरकी वेगळी होते. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ही मोकळी रुई हातात घेऊन पाहा. ढीग मोठा, वजन जेमतेम. लिटरच्या मापात ती सैल भरली तर काही ग्रॅमच मावते. रुई किती पिंजली आहे यावर आकडा बदलेल. हिशेबापुरते आपण लिटरला ३० ग्रॅम धरू.

आता कापसाचा तंतू ज्या पदार्थाचा बनला आहे, तो सेल्युलोज. त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट, म्हणजे लिटरला १५०० ग्रॅम. ३० भागिले १५०० म्हणजे शेकडा २. याचा अर्थ असा की मोकळ्या रुईच्या ढिगात शंभरातले दोन भाग कापूस आणि अठ्ठ्याण्णव भाग हवा!

जहाजाने माल पाठवायचा झाला तर हलक्या मालाचे भाडे वजनावर नव्हे, तो किती जागा अडवतो त्यावर घेण्याची जुनी पद्धत आहे. ४० घनफूट जागा म्हणजे एक 'टन' असे तेथे मोजतात. ४० घनफूट म्हणजे सुमारे ११३३ लिटर. मोकळी रुई पाठवली तर तेवढ्या जागेत ३४ किलो मावेल. बाकी भाडे हवेचे.

म्हणून रुई दाबायची. प्रेसिंगमध्ये ती यंत्राने दाबून, पट्ट्यांनी आवळून तिची गाठ करतात. आपल्याकडची गाठ १७० किलोची असते. तिची घनता लिटरला साधारण ४५० ग्रॅमपर्यंत नेतात. आता त्याच ११३३ लिटरमध्ये सुमारे ५१० किलो रुई बसते. भाडे तेच, माल पंधरापट.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस बंद पडला. तेव्हा मुंबईच्या बंदरातून कापसाची निर्यात एकदम वाढली. हजारो मैलांच्या त्या प्रवासात कापूस परवडला तो दाबून बांधता येत होता म्हणूनच. पुढे १९००–०१ च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली. आजही पेडगावची गाडी त्याच मार्गाने जाते. तेव्हा ही लाइन मीटरगेज होती आणि मनमाडहून मुंबईकडची ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईला जाणारा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. मोकळ्या रुईचे असे उतरवणे-चढवणे कल्पनेतच ठेवावे! १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि ती अडचण संपली.

एक शंका वर्गात हमखास येईल: गाठ आणखी का दाबत नाहीत? गाठीतही ४५० भागिले १५०० म्हणजे शेकडा ३० भागच कापूस असतो, सत्तर भाग अजून हवाच. पण दाबत जावे तसा तंतू अधिकाधिक उलटा जोर करतो. सुरुवातीला हाताच्या दाबाने ढीग निम्मा होतो. शेवटी शेवटी थोडे आकारमान कमी करायला प्रचंड बल लागते. पट्ट्याही तितक्याच मजबूत हव्यात, आणि गिरणीत गाठ सोडल्यावर रुई पुन्हा मोकळी व्हायला हवी. तिचे तंतू खराब होऊन चालणार नाही.

करून पाहा – १

एक उभट, सरळ बाजूंचा डबा घ्या. त्यात मोकळी रुई काठोकाठ भरा. डब्यात सैल बसेल अशी पुठ्ठ्याची चकती रुईवर ठेवा. चकतीवर एकेक पुस्तक किंवा वजन ठेवत जा आणि प्रत्येक वेळी रुईची उंची पट्टीने मोजा. वजन आडव्या अक्षावर आणि उंची उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. तो सरळ रेषा येत नाही. आधी झपाट्याने उतरतो, मग आडवा होऊ लागतो. शेवटी सगळी रुई डब्यासकट तोला. पहिल्या इतकीच भरेल. ही शेवटची पायरी गाळू नका, सगळा लेख तिच्यासाठीच आहे.

मर्यादा दोन असतात

आता पेटीकडे परत येऊ. सामान बांधताना आपल्याला दोन भिंती अडवतात, जागेची आणि वजनाची. यांपैकी जी आधी लागते ती खरी मर्यादा. दुसरी असून नसल्यासारखी.

कापसाला आधी लागते ती जागेची भिंत. तेथे दाबणे हा योग्य उपाय आहे. पण दाबल्याने वजन कमी होत नाही. वाकळीतून काढलेली हवा तरी किती वजनाची? एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम. आमच्या अंदाजाने वाकळीने १५ लिटरची जागा सोडून ६ लिटरची घेतली. म्हणजे ९ लिटर हवा, वजन ११ ग्रॅमच्या आतबाहेर. आणि एवढाही फरक काट्यावर दिसणार नाही, कारण वाकळीतली हवा बाहेरच्या हवेतच तरंगत होती. पाण्यात बुडवलेल्या घागरीच्या आतले पाणी जसे हाताला जड लागत नाही, तसेच हे.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे: हवा काढल्याने वजन वाढले नाही. हवा काढल्याने जागा झाली, आणि त्या जागेत आपण वजन भरले. डाळ आणि पुस्तके घालण्याआधी पेटी २३.८ किलो होती. म्हणजे झाकण लागत नव्हते तेव्हा ती थोडीच जास्त होती आणि सहज लागू लागले तेव्हा साडेचार किलोच्या आसपास जास्त झाली. न लागणारे झाकण ही धोक्याची घंटा होती. आपण ती बंद केली.

पेटीची स्वतःची रेघ

कोणत्या वस्तूला कोणती भिंत आधी लागेल हे ठरवण्याचा एक सोपा हिशेब आहे. पुष्कळ विमान कंपन्या एका पेटीला २३ किलोची आणि लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरची मर्यादा घालतात. ७६, ५० आणि ३२ सेंटिमीटरची पेटी या बेरजेत बरोबर बसते. तिचे बाहेरचे आकारमान सुमारे १२१ लिटर. आत वापरायला १०५ लिटर मिळतात असे धरू. रिकामी पेटी ४ किलोची असेल तर सामानाला उरले १९ किलो. १९ किलो भागिले १०५ लिटर म्हणजे लिटरला सुमारे १८० ग्रॅम.

ही झाली त्या पेटीची रेघ. सगळे सामान मिळून लिटरला १८० ग्रॅमपेक्षा हलके असेल तर जागा आधी संपेल. जड असेल तर वजन आधी संपेल आणि पेटी अर्धवट रिकामी असतानाच थांबावे लागेल.

डाळ, तांदूळ लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतात. पुस्तकाचा कागदही त्याच्याच आसपास. लोणचे त्याहून जड. हे सगळे रेघेच्या बरेच वर. नीट घडी केलेले सुती कपडे लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रेघेच्या जवळ. स्वेटर, कापूस भरलेले जाकीट, आमची वाकळ रेघेच्या खाली. वाकळ २.२ किलोची आणि १५ लिटरची, म्हणजे लिटरला १४७ ग्रॅम. हवा काढल्यावर तीच ३६७ ग्रॅम झाली आणि रेघ ओलांडून गेली.

एक उदाहरण पाहू. १९ किलोंपैकी ८ किलो धान्य आणि मसाले घेतले. त्यांना जागा लागते १० लिटर. उरले ११ किलो. लिटरला २०० ग्रॅमचे कपडे घेतले तर ११ किलोला ५५ लिटर लागतील. एकूण ६५ लिटर भरले आणि वजन संपले. पेटीत ४० लिटर जागा मोकळी! घरातल्या माणसांना ही मोकळी जागा पाहवत नाही. पोर एवढ्या लांब चालली आहे आणि पेटी निम्मी रिकामी, असे त्यांना वाटते. पण ती जागा वापरण्यासाठी नसते. अशा वेळी लहान आणि वजनाला हलकी पेटी घेणे हाच शहाणपणा. पेटीचे एक किलो वाचले तर ते सामानाला मिळते.

विमानाने पार्सल पाठवणाऱ्यांनी या दोन भिंतींची सांगड एका सूत्रात घातली आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ६००० ने भागायचे. आलेल्या आकड्याला ते किलो समजतात. खरे वजन आणि हा आकडा यांत जो मोठा, त्यावर भाडे. एक घनमीटरला हे सूत्र १६७ किलो देते, म्हणजे लिटरला १६७ ग्रॅम. आपल्या पेटीची रेघही याच्या जवळपासच आली होती. काही कंपन्या ६००० ऐवजी ५००० ने भागतात. तसे केल्याने फुगीर मालाचे भाडे वाढेल की घटेल, हे मुलांना विचारा.

वजनाची भिंत येते कोठून, तेही सांगायला हवे. विमानाला वजन उचलायला इंधन लागते हे एक कारण. दुसरे कारण माणसाच्या पाठीचे. जादा पैसे भरले तरी बहुतेक कंपन्या ३२ किलोपेक्षा जड एक पेटी घेत नाहीत, कारण ती पेटी कोणाला तरी उचलावी लागते.

करून पाहा – २

मुलांना घरून प्रत्येकी एक वस्तू आणायला सांगा: घडी केलेला सदरा, टॉवेल, वही, डाळीची पुडी, स्वेटर, चपला. प्रत्येकीचे वजन करा. आकारमानासाठी वस्तू ज्या खोक्यात जेमतेम मावेल त्याची मापे घ्या. लिटरला किती ग्रॅम ते काढून फळ्यावर चढत्या क्रमाने मांडा आणि १८० वर रेघ ओढा. रेघेखालच्या वस्तू दाबाव्यात, रेघेवरच्या वगळाव्यात की ठेवाव्यात याचा विचार करावा. घनतेचा धडा एवढ्यात होऊन जातो.

जागा कमी पडत असेल तर दाबण्याखेरीज दुसरा उपाय म्हणजे फटी भरणे. डब्यात लिंबे भरून हलवली तरी साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक जागा मोकळीच राहते. त्यात ज्वारी ओता, बरीच मावेल. कुकर म्हणजे धातूच्या भिंतीत कोंडलेली हवाच. त्यात मोजे आणि मसाल्याच्या पुड्या बसतात. बुटाच्या आतही बसतात.

काय न्यायचे?

वजन आधी संपते हे कळल्यावर खरा प्रश्न निवडीचा उरतो. आम्ही मुलीला प्रत्येक वस्तूला गुण द्यायला सांगितले. तिकडे मिळत नसेल तर जास्त, मिळत असेल तर कमी. मग गुणांना वजनाने भागले. येसर पहिली आली. पाव किलोची पुडी, आणि घरची चव तिकडे कोठेही विकत मिळणार नाही. पुस्तके तळाला गेली, कारण तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती होती. डाळही खाली गेली.

ही भागाकाराची रीत चांगली आहे, पण बिनचूक नाही. समजा १० किलोचीच मुभा आहे आणि तीन वस्तू आहेत. पहिली ६ किलो, ३० गुण. दुसरी आणि तिसरी प्रत्येकी ५ किलो, २४ गुण. किलोमागे गुण पहिलीचे सर्वांत जास्त, म्हणून ती घेतली. आता दुसरी कोणतीच बसत नाही. एकूण गुण ३०. पहिली सोडून इतर दोन घेतल्या असत्या तर ४८ मिळाले असते!

मग सगळ्या शक्यता तपासाव्यात का? प्रत्येक वस्तू 'घेतली' किंवा 'सोडली', म्हणजे वीस वस्तूंच्या १०,४८,५७६ निवडी होतात. गणितात याला थैलीचा प्रश्न म्हणता येईल. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प या संगणकशास्त्रज्ञाने ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी मांडली, त्यात हाही आहे. सर्व उदाहरणांना लागू पडेल अशी झटपट आणि अचूक रीत अजून कोणाला सापडलेली नाही. प्रत्यक्षात भागाकाराने क्रम लावायचा आणि शेवटी दोन-चार अदलाबदली करून पाहायच्या, एवढे पुरते. गुण किती द्यायचे हे मात्र कोणतेही गणित सांगत नाही. वाकळीला किती गुण, हे मुलीनेच ठरवले. आम्ही आकडा विचारला नाही.

न बोलावलेला पाहुणा

आजींनी तुपाचा डबाही काढून ठेवला होता. तो घरीच ठेवावा लागला. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. लाळ्या-खुरकुतासारखे जनावरांचे रोग त्यांतून जाऊ नयेत, हा हेतू. बियाणे आणि बहुतेक ताजी फळे यांनाही प्रमाणपत्र लागते.

हा निव्वळ जाच वाटेल, पण कापूस पिकवणाऱ्याला तो लगेच समजेल. आपल्या शेतांत २०१७ मध्ये हाहाकार उडवणारी गुलाबी बोंडअळी शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली ती १८४० च्या दशकात, भडोचकडच्या कापसावरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इजिप्तमध्ये पोहोचली. नीट न पिंजलेल्या, सरकी राहिलेल्या भारतीय कापसाबरोबर ती गेली असे मानले जाते. तेथून बियाण्याबरोबर मेक्सिकोत गेली आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडली. अमेरिकेला ती आपल्या शेतांतून संपली असे जाहीर करायला २०१८ साल उजाडले. सरकीतल्या अळीला ना वजन मोजले जाते ना जागा. तरी तिचे भाडे शंभर वर्षे भरावे लागले.

शेवटची तोलणी

दोन पुस्तके काढली, २.६ किलो कमी. डाळ काढली, १ किलो कमी. जाड बूट पेटीतून काढून पायात घालायचे ठरले, ९०० ग्रॅम कमी. (विमानाला यात काही फरक पडत नाही, नियमाला पडतो.) काटा आला २२.९ वर. पण टांगता काटा पाव-अर्धा किलो इकडे-तिकडे दाखवू शकतो आणि वाद विमानतळावर घालता येत नाही. म्हणून ६०० ग्रॅमचा जाड टॉवेलही काढला. २२.३.

आता पेटीत पुष्कळ जागा झाली होती. इतकी, की वाकळ दाबण्याचे कारणच उरले नाही. मुलीने पिशवीचे तोंड उघडले. वाकळ हळूहळू श्वास घेतल्यासारखी फुगत गेली. मग तिने ती लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळली आणि झाकण लावले. ते सहज लागले.

आजी म्हणाल्या, "म्हंजी पिशवी उगंच आणली!"

पिशवी उगीच नव्हती. ज्या सामानाला जागेची भिंत आधी लागते, त्याला ती हवी. या पेटीला दुसरी भिंत लागली होती. कोणती भिंत आधी लागते हे पाहिल्याशिवाय उपाय शोधू नये, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी पेटीचे काम झाले.

तुमच्या वर्गाने काढलेले वस्तूंचे आकडे आणि रुईचा आलेख आम्हाला जरूर कळवा. तुमच्या गावी कापूस नसेल तर कडबा, गवत, लोकर, जे असेल ते दाबून पाहा.